दूधवालीचे रिकामे हात

१

सांतो निन्योची, म्हणजे आमच्या बाळ येशूची, शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. म्हणजे, अक्षरन् अक्षर असं नाही. मधे एक बकरी येते, ती माझी भर आहे. आणि वांडाबाई जे बोलली ते मी थोडं धुऊन घेतलंय. बाकी सगळं खरं. निदान मला तसं आठवतं, आणि माझी आठवण चांगली आहे असंही मलाच आठवतं.

टोपी तिथे दाराशी अडकवा ना, त्या लाकडी बाईच्या चरवीवर. सगळे तिथेच अडकवतात. आणि तिकडे नका बसू, तिकडे ऊन येतं. वेगसचं ऊन, डोनटवरची साखर वितळते. इथे या, माझ्यासमोर. दाराकडे पाठ करून. हां.

तुम्ही बंद पडलेल्या कॅसिनोंचे फोटो काढत हिंडता म्हणालात, म्हणून तुम्हाला सांगतोय. पिरॅमिड, किल्ले, चाच्यांची जहाजं, सगळ्यांचे काढलेत. एडेलहॉर्नचा नसेल. तिथे मी पत्ते वाटायचो. मी रोमेल. माझी आईही तिथेच डीलर.

आधी एक पैज लावू. गोष्ट संपेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलंत तर डोनट, कॉफी, सगळं तुमच्याकडून. नाही बघितलंत तर सगळं माझ्याकडून. कबूल?

आणि या गोष्टीत पणाला काय आहे तेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर लोक उगाच खजिना-बिजिना समजून बसतात. पणाला माझी आई आहे. पर्ला नाव तिचं.

२

एडेलहॉर्न म्हणजे वाळवंटात, छताखाली बांधलेलं आल्प्सचं गाव. छतावर आकाश रंगवलेलं, त्यात कायम संध्याकाळ. मधूनमधून बर्फ पडायचा, तो साबणाच्या फेसाचा. गिऱ्हाइकांच्या ग्लासात पडला की बियरला जास्तच फेस यायचा, कुणी तक्रार करत नव्हतं.

आम्ही डीलर पुरुष कातड्याच्या चड्ड्या घालायचो. पिसाची टोपी. बायकांना घेरदार झगा आणि पुढे पांढरा एप्रन. आमच्या पाळीत निम्मी माणसं फिलिपिनो. आल्प्स आम्ही कुणी बघितलेला नाही. कुया नेस्तोर, म्हणजे नेस्तोरदादा, आमच्यातला सगळ्यात जुना, तो म्हणायचा, "तिकडे स्वित्झर्लंडात नक्की एखादं मनिला नावाचं हॉटेल असणार, आणि तिथले गोरे बिचारे लुंग्या नेसून उभे असणार."

चौकात घंटाघर होतं. कॅसिनोत घड्याळ ठेवत नाहीत, गिऱ्हाइकाला घर आठवतं. म्हणून घंटाघराच्या घड्याळाला काटेच नव्हते. आणि त्यातल्या लाकडी बाहुल्या, चांगल्या माणसाएवढ्या, तासाला न येता वाटेल तेव्हा यायच्या. डावीकडचं दार उघडायचं. नगराध्यक्ष, पाद्री, शिकारी, पाववाला, दूधवाली आणि तिची बकरी. एक गोल चक्कर मारून उजव्या दाराने आत. सव्वीस वर्षं हेच.

आता एक गोष्ट शिकून घ्या. डीलर टेबल सोडताना काय करतो? दोन्ही तळवे एकमेकांवर हलकेच आपटायचे, मग तळवे वर, बोटं फाकवून, मग पालथे. वर कॅमेरा असतो. त्याला सांगायचं, बघ बाबा, काही चोरलं नाही. करून बघा. नाही, खरंच करा. टाळी. वर. खाली. साखर उडाली, चालेल. पुन्हा एकदा. छान. तुमच्या हातात आहे बरं का हे.

याची इतकी सवय लागते की सुटत नाही. आई फ्रिज बंद केला की हात दाखवायची. चर्चमध्ये दानपेटीत नोट टाकली की पाद्र्याला हात दाखवायची. मला लहानपणी अंघोळ घालून झाली की हात दाखवायची, जणू काही म्हणतेय, घ्या, जेवढा दिला होता तेवढाच परत.

३

दुसरा नियम. पाळी बदलताना नवा डीलर मागून येतो आणि तुमच्या खांद्यावर दोन बोटं टेकवतो. बोलत नाही. तुम्ही हातातला डाव संपवायचा, हात दाखवायचे आणि बाजूला सरकायचं. कोण आलंय हे बघायला वळायचं नाही. नजर पत्त्यांवरून हलली की चोराचं फावतं.

नवीन पोरं वळतात. आई कधीच वळली नाही. एकदा बर्फाचं मशीन छतावरून सुटून चौकात कोसळलं. एवढा आवाज झाला की जुगारी लोकसुद्धा पळाले, आणि ते तर आगीतही बसून राहतात. सगळे डीलर वळले. आईने एकट्या उरलेल्या म्हातारीला पत्ता दिला आणि म्हणाली, "एकोणीस. थांबणार की अजून एक पत्ता घेणार?"

तेव्हापासून तिचं नाव पडलं, मान न वळणारी पर्ला. तिला फार अभिमान होता त्याचा. मान मात्र तिरकी असायची तिची. डावा कान कमजोर, म्हणून मान उजवीकडे कलती करून उजवा कान गिऱ्हाइकाकडे द्यायची. लांबून वाटायचं, तिला सतत काहीतरी नवल ऐकू येतंय.

४

मग एडेलहॉर्न विकलं गेलं. नव्या मालकांचं म्हणणं, आता लोकांना गाव नको, आल्प्स नको, राखाडी रंग हवा. नवं नाव ठरलं 'ई'. एवढंच. एक अक्षर. ते शोधायला बाहेरून सल्लागार आले होते.

एकदम बंद नाही केलं. जुगार चालू ठेवून गाव सोलत गेले. सकाळी कामावर जावं तर बेकरीच्या भिंतीचं सोंग गेलेलं, मागे नुसतं सिमेंट. एके दिवशी डोंगर गेला. एके दिवशी अर्ध्या आकाशाला पांढरा रंग लागला. माणसंही तशीच कमी होत होती. आज हा नाही, उद्या ती नाही. नवीन कुणी घेत नव्हते. शेवटी घंटाघर, त्याच्या खालची ब्लॅकजॅकची टेबलं आणि आम्ही उरलो.

त्याच आठवड्यात एकदा दुपारी बाहुल्या बाहेर आल्या. मी पत्ते पिसत होतो, सहज वर बघितलं. पाववाला चक्कर पुरी करून उजव्या दाराशी पोचला, थांबला, आणि त्याने तळवे एकमेकांवर आपटले. वर केले. पालथे केले. मग आत गेला.

मी हसलो. काय करणार? सव्वीस वर्षं रोज शेकडो डीलरांना खाली हेच करताना बघून लाकूडसुद्धा शिकेल, असं मनात आलं. मग मनात आलं, असं मनात यायला नको.

हसलो ते नडलं. आमची सुपरवायझर वांडा, पंचावन्नची, आवाज कावळ्याचा, टेबलामागून आली.

"रोमेल, तूच ना हे?"

"मी इथे पत्ते पिसतोय, वांडाबाई."

"नगराध्यक्षाला गॉगल तूच लावला होतास. पाद्र्याच्या हातात बियर तूच दिली होतीस."

"ती त्याने मागितली होती."

"पुन्हा असलं काही केलंस ना, तर तू आणि तुझी..." इथून पुढचं मी धुतलंय. सार असं की आई आणि मी, दोघंही बाहेर.

पलीकडच्या टेबलावरून कुया नेस्तोर म्हणाला, "पोरा, मस्त जमलंय रे. तारा कुठून नेल्यास?"

"कुया, आईशप्पथ, मी काही केलं नाही."

"असंच म्हणायचं," तो डोळा मारत म्हणाला.

५

मला भूत-बित काही वाटलं नाही. मला वाटलं, हे करणारा माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि तो कोण हे कळल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. तर सुट्टीत मी घंटाघरात गेलो. बाहुल्यांची डागडुजी करणारा डेल आत डबा खात बसला होता. मी त्याला विचारलं, पाववाल्याचे हात कसे हलवतोस?

"हलवत नाही. हलत नाहीत," डेल म्हणाला. "खांद्यापासून बोटापर्यंत अख्खं एक लाकूड आहे ते. कोपरच नाही त्याला. बघ की."

बघितलं. पाववाला पांढऱ्या एप्रनमध्ये, दोन्ही हात सरळ पुढे करून उभा, हातांवर पावाची परात, परात तळव्यांना खिळ्यांनी ठोकलेली. पाय खालच्या पाटाला ठोकलेले. पाट रुळावर. यातलं काहीही टाळी वाजवू शकत नाही, हे मलासुद्धा कळत होतं.

"मग मी काय बघितलं?"

"अर्धं आकाश रंगवलंय, रे. उजेड बदललाय. सावली पडली असेल." डेलने घास घेतला. "नाहीतर तू दारू पितोस."

मला ते पटलं. सावली. मी निघालो, आणि मग उगाच, काही कारण नाही, परातीच्या खाली बोट घालून त्याचा तळवा चाचपला. सगळ्या बाहुलीवर जाडजूड रंगाचा थर होता, गुळगुळीत. तळव्यावर रंग नव्हता. घासून घासून गेलेला. जिन्याच्या कठड्यावरचा जातो तसा.

डेलला बोलावलं. त्याने बोट घातलं. बराच वेळ काढलं नाही.

"मला नोव्हेंबरात निवृत्त व्हायचंय," एवढंच म्हणाला तो.

बाहेर पडताना दूधवालीच्या पायाशी ठोकलेल्या बकरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दार लावून घे, उजेड येतो." ही ती बकरी. सांगितलं होतं ना मी.

६

दुसऱ्या दिवशी कुया नेस्तोरच्या मागे त्याचा बदली डीलर आला. मी माझ्या टेबलावर होतो, माझ्यासमोर पाच गिऱ्हाइकं. डीलर दुसऱ्याच्या टेबलाकडे बघत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात जेवढं आलं तेवढंच सांगतो. पांढरा एप्रन. रुंद पाठ. खांद्यावर दोन बोटं. नेस्तोरने डाव संपवला, टाळी, वर, खाली, आणि बाजूला सरकला. डावा पाय ओढत चालायचा तो, मनिलात असताना जीपखाली आला होता. पाय ओढल्याचा आवाज नेहमी जेवणघराकडे जायचा. त्या दिवशी घंटाघराकडे गेला.

मग त्या टेबलावरून पत्ते पडल्याचे आवाज येऊ लागले. एका लयीत. फार छान पत्ते वाटत होता कुणीतरी. फक्त मधेच माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचा हात आला, आणि तो हात कोपरात वाकत नव्हता. खांद्यापासून अख्खा फिरत होता, दाराच्या कडीसारखा. मला वाटलं, याचं खांद्याचं ऑपरेशन झालं असेल. माणूस काहीही मानायला तयार असतो हो, समोर पाच गिऱ्हाइकं असली की.

पाळी संपल्यावर मी बाहेर आलो. भर दुपार, डांबर मऊ झालेलं. बसच्या थांब्यावर एक रुंद पाठीचा माणूस उभा. दोन्ही हात उन्हात पुढे करून, तळवे वर. लोक पावसात धरतात तसे. बस आली, त्याला झाकलं. बस गेली, थांबा रिकामा.

"कुया नेस्तोर कुठेय?" मी परत आत जाऊन वांडाला विचारलं.

"पाळी पुरी करून, बॅज जमा करून गेला. आता पोराकडे रीनोला जाणार असेल. तुला काय करायचंय?"

त्या संध्याकाळी, म्हणजे छतावरच्या, मी आईची पाळी सुटायची वाट बघत होतो तेव्हा बाहुल्या पुन्हा आल्या. पाववाला रुळावरून सरकताना मी कान दिला. नुसती चाकं वाजायला हवी होती. चाकांबरोबर दुसरा एक आवाज होता. डावा पाय ओढल्याचा.

त्याच्या मागून दूधवाली आली. उजव्या दाराशी थांबली. दोन्ही हातांत चरवी ठोकलेली होती, ती मी स्वतः बघितली होती. तिने टाळी वाजवली. वर. खाली.

दूधवालीच्या बरोबर खाली कुणाचं टेबल होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. ती रोजच्यासारखी मान उजवीकडे कलती करून एका म्हाताऱ्याला पत्ते देत होती.

७

दुसरा दिवस शेवटचा. त्यानंतर घंटाघर उतरवणार होते. आई लसणीचा भात परतत होती, सुक्या माशाचा वास घरभर.

"आई, आज जाऊ नकोस."

"का? परत कुठे काय चिकटवून ठेवलंस, मेल्या?"

"दूधवालीने हात दाखवले."

"मग? तिला घरी जायचं असेल. सगळ्यांनाच जायचंय."

"आई, डीलर उठतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा बसतो. तिच्या जागी कोण जाणार?"

आईने गॅस बंद केला. माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, कळलं तिला.

"तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा मी पाळी चुकवली नव्हती," ती म्हणाली. "आज शेवटचा दिवस. सगळ्यांचा निरोप घ्यायचाय. आणि तू मला बाहुलीच्या गोष्टी सांगतोस?"

"बरं, जा. पण एक वचन दे. आज कुणी खांद्यावर बोटं टेकवली, की एकदा वळून बघ. एकदाच. माझ्यासाठी."

ती जोरात हसली. "सव्वीस वर्षं वळले नाही आणि शेवटच्या दिवशी वळू? ती वांडा म्हणेल, पर्ला घाबरली. कोण आलंय हे बघणारा डीलर पत्ते बघत नसतो, कळलं? भात खा. गार होतोय."

दोघांचे डबे भरले. झाकणं लावली. आणि कट्ट्याकडे तोंड करून हात दाखवले. टाळी, वर, खाली.

मला त्या दिवशी ते बघवलं नाही.

८

नियमाने आई-मुलगा शेजारच्या टेबलावर उभे राहत नाहीत, पण शेवटच्या दिवशी नियम पाळायला माणसंच नव्हती. मी तिच्या डाव्या बाजूला. बाहुल्या दिवसभर आल्या नाहीत. मी चारदा पत्ते चुकवले, गिऱ्हाइकं खूश.

दुपारनंतर डावीकडचं दार उघडलं. नगराध्यक्ष आला. पाद्री. शिकारी. पाय ओढत पाववाला. मग एक रिकामा पाट आला. त्यावर फक्त बकरी.

मी आईकडे बघितलं. डीलरने बघू नये, पण बघितलं. तिच्या मागे एक बाई उभी होती. घेरदार झगा, पांढरा एप्रन. आमच्याकडच्या कुठल्याही बाईसारखी. चेहरा घंटाघराच्या सावलीत. सरळ हात, न वाकणारा, वरून खाली आला. दोन बोटं आईच्या खांद्यावर.

"पर्ला!" मी ओरडलो. कामावर तिला आई म्हणायचं नाही, तिचाच नियम. "पर्ला, वळ! आई! वळ ना, बघ!"

आई डाव संपवत होती.

डीलर टेबल सोडून पळू शकत नाही, चार पावलांवर सुरक्षारक्षक असतो, तो आधी पाडतो आणि मग विचारतो. मला एकच सुचलं. मी माझा जुगाराच्या बिल्ल्यांचा अख्खा ट्रे उचलला आणि जमिनीवर आपटला.

तो आवाज तुम्ही ऐकला नसेल. डीलरच्या कानाला तो आवाज म्हणजे पोर विहिरीत पडल्यासारखा असतो. अख्ख्या चौकातली मान अन् मान वळली. वांडा वळली. रक्षक वळले. गिऱ्हाइकं, वेटर, शिडीवरचा रंगारी, सगळे वळले.

आई वळली नाही.

तिने डाव मिटवला. टाळी. वर. खाली. आणि बाजूला सरकून चालायला लागली, मान उजवीकडे कलती करून. घंटाघराच्या दाराकडे. तेवढ्यात रक्षकाने मला पाडलं, आणि माझं नाक गालिच्यात गेलं. त्या गालिच्यावर छोटी छोटी डोंगरातली फुलं होती, एवढं मला स्पष्ट आठवतं.

मी स्वतःला सांगतो, डावा कान कमजोर होता. मी डावीकडे होतो. ऐकूच गेलं नसेल.

मला मागच्या दाराने बाहेर टाकलं. मी गाड्यांच्या तळावर बसून राहिलो. पाळी सुटली तशी ती आली. झगा, एप्रन. माझ्याकडे पाठ. गाड्यांच्या मधोमध थांबली आणि तिने मान मागे टाकून वर बघितलं. खरं आकाश होतं, निळं, एक ढग नाही. कितीतरी वेळ बघत राहिली. मग दोन्ही सरळ हात पुढे केले, तळवे वर.

मी हाक मारली. ती वळली नाही. एव्हाना तीही डीलर झाली होती.

९

पोलिसांनी कॅमेऱ्यात बघितलं. पर्ला शेवटपर्यंत टेबलावर आहे, मग बॅज जमा करून स्वतःच्या पायांनी बाहेर जातेय. म्हणाले, मोठी बाई आहे, गेली असेल कुठे. नेवाडात लोक जातात. मी म्हटलं, तिच्या कोपरांकडे बघा. ते म्हणाले, तुमच्या नाकाला पट्टी लावून घ्या.

सगळ्या सामानाचा लिलाव झाला. नगराध्यक्ष एका दंतवैद्याने नेला. पाववाला रीनोला गेला, छोट्या गोल्फच्या मैदानात. म्हणजे नेस्तोर रीनोला जाईल असं वांडा म्हणाली होती, ते चुकलं असं म्हणता येत नाही. आणि दूधवालीला या डोनटच्या दुकानाच्या मालकाने, सोफालने घेतलं. कॉफीत दूध लागतंच, म्हणाला.

हो. तीच. तुम्ही जिच्या चरवीवर टोपी अडकवलीत.

मान कलती आहे तिची, येताना लक्षात आलं का? उजवीकडे. घंटाघरात असताना सरळ होती. डेलला फोटो पाठवला, त्याने नंबर बदलला. आणि बकरी मी घातली म्हणालो ना? बोलणं मी घातलं. मान वळवणं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तू का नाही बसत त्या खुर्चीवर? बसलो ना. महिनाभर बसलो, सकाळ-दुपार, दाराकडे पाठ करून. सोफालला वाटलं, माझं त्याच्या पोरीवर मन आहे. मला ती हात लावत नाही हो. पोराला लावेल का? आई आहे.

म्हणून मी लोकांना घेऊन येतो. डोनट खाऊ घालतो. हात दाखवायला शिकवतो. आणि एवढंच सांगतो, की मागे...

वळलात.

काय म्हणता? खांद्यावर कुणीतरी दोन बोटं टेकवली? सोफाल आत आहे, तळतोय, ऐका. आणि मी इकडे, हे बघा, दोन्ही हात टेबलावर. काय दिसलं मागे? काही नाही ना? टोपी खाली पडलीय, बस्स. पंख्याने पडली असेल.

छे हो, रागावलो नाही. फक्त, एवढं सोपं होतं. न वळता टाळी, वर, खाली, आणि बाजूला सरकायचं. दोनदा करवून घेतलं मी तुमच्याकडून. इतकं छान जमत होतं तुम्हाला.

जाऊ दे. आई, आज नाही गं. उद्या एक जण येतोय, टपाल खात्यातला, मान अवघडलेली आहे त्याची.

तुम्ही मात्र पैज हरलात. काढा पैसे. नाही, नाही, माझ्या हातात देऊ नका, डीलर हातात घेत नाही. टेबलावर ठेवा. पसरून. वरून दिसतील असे.